गाइड घ्यावा की नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

“गाइड घे.” नवरा एवढंच म्हणाला आणि पुन्हा पेपरात तोंड खुपसलं!

माझं आणि नणंदेचं वाळवंटात सायकलवर जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत खूश तोच होता. तिने रजाही घेतली. दातांचा दवाखाना चार दिवस बंद ठेवायचा म्हणजे तिच्या लेखी केवढा त्याग! बसची तिकिटंही काढून झाली. राहिलं एकच. सायकली भाड्याने देणाऱ्याने फोनवर विचारलं, “गाइडबरोबर जाणार, की तुमचे तुम्ही?” तुमचे तुम्ही म्हणजे फोनमध्ये नकाशा टाकून देतात, सामान जीपने पुढच्या मुक्कामाला पोचवतात. मधली वाट आपली आपण काढायची.

मी म्हटलं, विचार करून कळवते. खरं तर विचार झालेला आहे. मला गाइड नको.

५ नोव्हेंबर

दिवसभर चष्म्याच्या दुकानातल्या त्या अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत असते. “आता बरं दिसतं, की आधी दिसत होतं?” आज एक आजोबा वैतागले. म्हणाले, “अहो बाई, दोन्हीत दिसतंय. तुम्हीच ठरवा आणि सोडा मला!”

मलाही कोणीतरी असं सोडवावं. घरी येते तो हा उशीला पाठ टेकून बसलेला. मणक्याच्या ऑपरेशनपासून याला बसताना बघितलं की मला स्वतःचीच पाठ ताठ करावीशी वाटते. डॉक्टर हसत हसत म्हणाले होते, “सायकल आता विसरा.” हाही हसला होता. त्याची सायकल गॅलरीच्या भिंतीवर टांगलेली आहे. दर रविवारी चेनला तेल देतो. कशाला, असं मी विचारत नाही.

६ नोव्हेंबर

लग्न झालं त्या वर्षी गेलो होतो आम्ही तिकडे. मित्रांच्या सायकली मागून आणल्या होत्या. माझ्या सायकलची सीट इतकी उंच की थांबायचं म्हणजे एका बाजूला पडायचंच! गाइड वगैरे आम्हाला माहीतही नव्हतं. हा पुढे, मी मागे. त्याने पिवळा शर्ट घातला होता. वाऱ्याने पाठीवर फुगायचा. मला वाळवंट आठवतं ते त्या शर्टाच्या दोन्ही बाजूंनी दिसलेलं.

हरवलो. चांगले तीन-चार तास. पाणी संपत आलं तेव्हा हा मागे वळून म्हणाला, “घाबरलीस?” मी म्हटलं, “नाही.” म्हणाला, “मी घाबरलोय.” त्या क्षणी मला वाटलं, याच्याशी लग्न केलं ते बरं केलं.

ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवून झाली आहे. तो सांगतो, “ही रडत होती.” मग मी म्हणायचं, “डोळ्यांत वाळू गेली होती!” मग सगळे हसतात. इतक्या वर्षांत मी माझं वाक्य एकदाही चुकवलेलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज चांगलीच जुंपली.

मी म्हटलं, “मला कोणा अनोळखी माणसाच्या मागे मागे जायचं नाही. तो थांब म्हणाला की थांबायचं, फोटो काढा म्हणाला की काढायचे.”

“वाळवंट आहे ते. बाग नाही.”

“तेव्हा कुठे होता गाइड?”

“तेव्हा मी होतो!”

मी गॅसकडे वळले. भाजी करपायला लागली होती, ते निमित्त बरं झालं.

कढई घासताना उलगडलं. त्याला माझी काळजी वाटते, ते खरंच. पण गाइड असला, दहा परके लोक असले, की ती नुसती सहल. गाइड नसला तर ती आमची वाट. आणि आमच्या वाटेवर मी त्याच्याशिवाय जाणार.

गाइड घेऊन टाकावा. एका माणसाचं मन राखायला काय लागतं एवढं?

पण मला जायचं आहे. तसंच जायचं आहे. वाईट बायको आहे की काय मी?

९ नोव्हेंबर

नणंद फोनवर म्हणाली, “वहिनी, तू आणि दादा मिळून काय ते ठरवा आणि मला कळवा. मी फक्त पॅडल मारणार. आणि हे बघ, दोघांपैकी कोणी रडलं तर मला सांगू नका, मला दिवसभर रडणारे पेशंटच असतात.”

१० नोव्हेंबर

तोडगा निघाला! त्यानेच काढला. सकाळी चहा पिता पिता म्हणाला, “मीच होतो ना गाइड. इथून.”

म्हणजे असं, की फोन चालूच ठेवायचा. वाट मोठ्या रस्त्याला धरून जाते, त्यामुळे रेंज असते म्हणे. इअरफोनची एक बाजू माझ्या कानात. मी कुठे आहे ते त्याला टेबलावर नकाशात ठिपक्यासारखं दिसत राहणार. तो सांगणार, मी चालवणार.

मी लगेच हो म्हटलं. त्याचा चेहरा असा काही खुलला! संध्याकाळी बघते तर टेबल खिडकीशी सरकवलेलं, उशा रचलेल्या, पाण्याची बाटली भरून ठेवलेली. जसं काही तोच निघाला आहे.

माझं मन मात्र कुठेतरी खट्टू झालं. का ते कळेना. कळतंय, पण लिहीत नाही.

१४ नोव्हेंबर

पोचलो. खोली छोटी, खिडकीत वाळू साचलेली. दुकानदाराने सायकली दाखवल्या. जाड टायर, हलक्या. सीट माझ्या उंचीला बसवून दिली. उगाच त्या जुन्या उंच सीटची आठवण आली. नणंद आत्ताच घोरायला लागली आहे. त्याचे दोन फोन येऊन गेले. टोपी घेतलीस का? घेतली.

१५ नोव्हेंबर

खूप दमले आहे, तरी सगळं लिहून काढते.

पहाटे निघालो. गार हवा, टायरखाली वाळूची करकर. त्याचा आवाज कानात. “आता डावीकडे एक टेकाड दिसेल.” दिसलं! “त्याच्यामागे दगडांची रास.” होती! इतक्या वर्षांनी! मला भरून आलं. वाटलं, पुढे पिवळा शर्ट तेवढा नाही, बाकी सगळं तसंच आहे.

मग दोन मोठे खडक आले, तिथे वाट फुटते. फोनमधला नकाशा म्हणत होता उजवीकडे. तो म्हणाला, “डावीकडे. मला पक्कं आठवतं. पुढे नदीचं कोरडं पात्र लागेल.” डावीकडे एकाही चाकाची खूण नव्हती. मला दिसत होतं ते. तरी वळले.

थोड्याच वेळात चाकं रुतायला लागली. मग उतरून ढकलणं. मग उचलणं! ऊन चढलेलं. नणंद मागून धापा टाकत म्हणाली, “वहिनी, एक विचारू? तुम्ही दोघं तेव्हा हरवला होतात ना?”

“हो.”

“मग दादाला आठवते आहे ती वाट कुठली? हरवलेलीच ना!”

मी सायकल टाकून वाळूत बसकण मारली. हसू आवरेना! कानात तोही हसत होता, खोकला येईपर्यंत. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं लोकांना ऐकवलेली ती वाट. चुकीची! आणि मी तिच्यावरून डोळे उघडे ठेवून पुन्हा गेले.

परत खडकांपाशी आलो. तो म्हणाला, “आता उजवीकडे जा.” आवाज वेगळाच वाटला. दमलेला. तो पुढचं काही बोलायच्या आत मी इअरफोन कानातून काढला आणि खिशात कोंबला. का, माहीत नाही. हात आपोआप गेला.

उजवीकडची वाट टणक होती. उतार होता. सायकल सुटली ती सुटलीच! समोर काही नाही — कोणाची पाठ नाही, शर्ट नाही, नुसतं लांबच लांब पसरलेलं. आणि ते सगळं मला दिसत होतं! मी ओरडले. मग गायला लागले. मला सूर नाही, ताल नाही, निम्मे शब्द येत नाहीत. नणंद मागून ओरडत होती, “वहिनी, ब्रेक! ब्रेक नावाची वस्तू असते!”

मुक्कामाला पोचल्यावर चहाचा पहिला घोट घेतला आणि खिशातला इअरफोन आठवला. तो तिकडे बोलत बसला असेल. दगड आला, वळण आलं, जपून. कोणी ऐकत नाही हे त्याला ठाऊकही नाही. खिडकीशी, उशांना टेकून.

रात्री फोनवर बोललो तेव्हा दोघंही टोपी आणि जेवण यांवरच बोललो.

१७ नोव्हेंबर

उद्या घरी. त्याला काय सांगायचं ते ठरवलं आहे. रेंज गेली होती म्हणायचं. वाळवंटात जातेच.

नणंद म्हणते, “खरं सांगून टाक ना. दादा काही खाणार नाही तुला.” तिला काय कळतंय! एक माणूस आपली शेवटची सायकल चालवत होता, आणि मी त्याला खिशात घातलं.

१८ नोव्हेंबर

अंघोळ करून त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, “खडकांनंतर रेंज गेली रे.”

“रेंज?” म्हणाला. “मला तर तुझं गाणं ऐकू येत होतं. पार मुक्कामापर्यंत.”

मी ओल्या केसांचा टॉवेल सोडून पुन्हा गुंडाळला.

“मी बोललोच नाही त्यानंतर. ठिपका असा काही पळायला लागला! म्हटलं, मध्ये तोंड घातलं तर थांबशील.”