मिरचीवरचा मावा आणि खर्र्याचं पाणी

बेसा, नागपूर

प्रिय मेहुणे बाबनराव यांना धोंडबाचा मनापासून रामराम.

मैनाबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? अभिजीतचा खोकला गेला, की तुमच्या विडीला सोबत म्हणून अजून मुक्कामाला आहे? म्हशीलाही विचारलंय म्हणून सांगा. मी ठीक. तुमची बहीण भाचीच्या बाळंतपणाला उमरेडला गेली, म्हणून थोडा जास्तच ठीक होतो, आणि घोटाळा तिथेच झाला. (फोन केला की मैनाबाई उचलतात, म्हणून हे पत्र.)

जाताना इंदूबाईने गच्चीवरच्या मिरच्यांकडे बोट दाखवून बजावलं, "माझ्या मायच्या हातचं भिवापूरचं बी आहे. पाणी टाका, बाकी हात लावू नका." आता रिकाम्या माणसाला असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. पानांवर काळ्या ठिपक्यांचे लाल किडे दिसले. मी ते काडेपेटीत भरून नाल्यापलीकडे सोडून आलो (मारले नाहीत, जीव आहे तो) आणि घरी येऊन स्वतःच्याच हातचा चहा घेतला. पुढं शेंड्यांवर बारीक हिरव्या किडींचा मावा असा दाटला की पान दिसेना, आणि बुडापासून मुंग्यांची रांग. शेजारचे मधुकरराव म्हणाले, "तंबाखूचं पाणी मारा ना गा!" तंबाखू नव्हती, तर त्यांनी खिशातला सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा काढून दिला. तोच भिजवून मारला. पंपाच्या तोंडात सुपारी अडकली, मावा तरतरीत राहिला, मधमाश्या तेवढ्या यायच्या थांबल्या आणि फुलं गळाली.

मधुकररावांची सून दीप्ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "काका, झाड एकटं नसते. अख्खी सिस्टीम असते ते." (मला सिस्टीम म्हणजे वरातीतली, एवढंच ठाऊक.) लाल किडे मावा खातात, मुंग्या माव्याचा गोड रस पितात, म्हणून त्याला गुरांसारखं सांभाळतात. "तुम्ही वाघ हाकलला अन् गुराखी ठेवला," म्हणे. बाबनराव, माझं अर्धं आयुष्य हातमागावर गेलं. ताण्याचा एक धागा ढिला पडला, तर खोट तिथं दिसत नाही, हातभर पुढच्या कापडात दिसते. हे मला कळायला हवं होतं की नाही?

तेव्हापासून मी काडेपेटी घेऊन नाल्याकाठी वाकून फिरतो आहे. कोणीतरी विचारलं, "काका, काही हरपलं काय?" म्हटलं, "हो, सिस्टीम." किडे थोडे सापडले, पण सगळी झाडं वाळली, एकच काय ते तगून आहे.

आपला,
धोंडबा

ता. क. खरं काम हे. आईंच्या बियांची रोपं तुमच्या वावरात असतील, तर वीत-दीड वीत उंचीची अभिजीतबरोबर पाठवा. इंदूबाई पोळ्याला येते. मैनाबाईंना कळू देऊ नका, त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

पुन्हा ता. क. रोपं नकोत. पाकीट चिकटवायच्या आतच इंदूबाई आली. झाडं पाहिली, काडेपेटी पाहिली, आणि म्हणाली, "हे नर्सरीतले होते जी. मायचं बी मैनावहिनीजवळ ठेवून दिलं मी. तुमच्या हाताले ओळखत नाही काय?" दीप्ती हसून म्हणते, सिस्टीममध्ये तुम्ही स्वतःला धरलंच नव्हतं काका, काकूंनी धरलं होतं. असो. बी तुमच्याच घरात आहे, हे तुम्हाला माहीत होतं का, तेवढं लगेच लिहून कळवा. माहीत नसेल, तर मैनाबाईंच्या पोटाबद्दलचे माझे शब्द मी मागे घेतो.