पिठाच्या रेघेत

२० सप्टेंबर १९५९, बेंबळी

सकाळी उगवलेली कुत्र्याची छत्री आदल्या दिवशी कुठं असते? आज दुपारी लक्षीनं मला हे विचारलं, आणि मी, घरातली पहिली बी.ए., म्हणाले की मला ठाऊक नाही. ती खूश झाली. बाईंनाही न कळणारं काही असतं, हे तिला आवडलं असावं.

कालच एस.टी.नं आले. अण्णा तुळजापूरहून लेकीला पोचवायला आले होते; माझी ट्रंक त्यांनी दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही. बलभीम आणि विठाबाई या शेतकरी जोडप्याच्या घरी पुढची खोली मिळाली आहे. लक्षी त्यांची एकुलती, नऊ वर्षांची. मागं ऐसपैस परसू: शेवगा, कढीपत्ता, दोडक्याचा वेल, आणि भिंतीकडच्या ओलीत पांढऱ्या छत्र्या. शाळेचं छप्पर गळतं, म्हणून मुलींचा वर्ग परसातच भरवायला विठाबाई तयार झाल्या. उद्यापासून अकरा मुली येणार!

२२ सप्टेंबर

मीटर शिकवला. पुस्तकात नवी मापं आलीत, मुली मात्र अजून हात-वितीनं मोजतात. लक्षीला जमिनीवर उताणी निजवलं आणि अंगाभोवती रेघ ओढायचं ठरवलं. रांगोळी संपली होती, म्हणून चुलीमागच्या डब्यातलं जोंधळ्याचं पीठ घेतलं. एक मीटर बावीस सेंटिमीटर. मुली हसून लोळल्या.

विठाबाई शेतातून आल्या आणि दारातच थांबल्या. पितृपंधरवडा चालू आहे हे मला आठवलंच नव्हतं. आवाज न चढवता म्हणाल्या, "बाई, माणूस गेल्यावर त्याच्या जागी पीठ टाकत्यात. तुमी जित्या लेकराभवती टाकलं. आता त्यात माणूस भरल्याबिगर ती रेघ जायची न्हाय."

पीठ म्हणजे पीठ, असं मी समजावलं. दोन घागरी पाणी ओतून रेघ घालवूनही दाखवली.

२५ सप्टेंबर

रेघ होती तिथंच छत्र्या उगवल्यात. एकीला एक लागून, टाचेपासून डोक्यापर्यंत, लक्षीचा अख्खा आकार. मला आधी हसू आलं. पीठ भिजलं, त्यावर बुरशी धरली. यापेक्षा चांगला धडा कुठला? पण मुली चारच आल्या. मी एकेक छत्री उपटून देठ, टोपी, खालची झालर दाखवली. लक्षी जवळ आली नाही. तळव्यांना मुंग्या येतात म्हणाली.

२७ सप्टेंबर

पुन्हा आल्या. आता रेघेच्या आतही. दोन्ही पावलं गच्च भरलीत. लक्षीला स्वतःची पावलं कळत नाहीत. धाराशिवच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. तिला टोचणी कळली नाही आणि त्यांना कारण.

परतल्यावर बलभीमांनी माझी मोजपट्टी माझ्याच हातात दिली. "मोजा की बाई. आज किती मीटर वर चढलं, सांगा."

मी पट्टी खाली ठेवली. कुदळ घेतली. वीतभर खणलं, उकळतं पाणी ओतलं, चुन्याची पाटी रिकामी केली. हाताला फोड आले. येऊ देत. छत्र्यांना भिऊन वर्ग मोडायला मी शिकले नाही.

२८ सप्टेंबर

चुन्यातून वर आल्या. गुडघ्यांपर्यंत. लक्षीचेही गुडघे गेले.

आज वर्गाला कुणीच आलं नाही. मी फळ्यावर तारीख लिहिली, तासभर उभी राहिले.

३० सप्टेंबर

कंबर.

अण्णांना कळवलं नाही. ते न्यायला येतील. विठाबाई मला शिव्या देत नाहीत. रोज ताटात भाकरी वाढतात. शिव्या बऱ्या.

मी विचारलं, ज्याच्याभोवती रेघ ओढली तोच माणूस भरावा लागतो का. म्हणाल्या, रेघेला तोंड वळखू येत न्हाय. मग माझ्याकडं बघून एकदम दचकल्या. "तुमी बी कुनाची तरी लेकच हाव."

१ ऑक्टोबर

छाती. लक्षीचा श्वास — एक आला की पुढचा येईल का —

पहाटे विठाबाई परसात निघाल्या होत्या. त्या तिथं निजणार होत्या. मी हात धरून माघारी आणलं. रेघ मी ओढली. त्यांनी नाही.

२ ऑक्टोबर, अमावस्या. सकाळ

गळ्यापर्यंत आल्या होत्या. तोंडाची जागा तेवढी उघडी होती.

कुणाला विचारलं नाही. वही-पेन्सिल घेतली आणि आत निजले.

आकार लहान. गुडघे पोटाशी घ्यावे लागले. पाठीखाली छत्र्या चुरल्या, गार, मळल्या कणकेसारख्या. बलभीम ओढायला धावले. मी नको म्हटलं. ते गुडघ्यावर बसून रडले —

लक्षी उंबऱ्यात आली. चालत. भूक लागली म्हणाली.

विठाबाईंना बजावलंय, तिला शाळेतून काढायचं नाही. दुसऱ्या बाई येतील. वर्ग इथंच भरेल —

पाय असतील. कळत नाहीत. कमरेखालून काहीतरी वर — मऊ — दंडाला लागून — माझ्या मापानं —

मला कुणी ढकललं नाही. हे लिहून ठेवते. भ्याले, पण निजले मी. माझी मी. उठता येतं का, ते बघितलेलं नाही, आणि बघणारही —