उसाचा शेवटचा पट्टा

शिरूर, दवाखान्यातून
बुधवार

प्रिय गौतमे,

सप्रेम जय भीम. आधी सांगते, तुझी आजी जिवंत हाय आन् लई खुशीत हाय. डाव्या दंडाला एकोणीस टाके पडलेत. मी नर्सबाईला म्हणलं, एवढ्या टाक्यांत तर माझी अर्धी गोधडी झाली असती. ती हसली, आन् सुई भलतीकडंच टोचली. चौथीत शाळा सुटली तवापासनं एवढं लिहिलं न्हाई, तवा अक्षराला हसू नको. तुझा भाऊ रोहन ह्या पत्राचा फोटो काढून पाठवणार हाय.

रोहननं तुला फोनवर अर्धंच सांगितलं असणार. त्याला रगत बघवत न्हाई, लहानपणी घरात कोंबडी कापली की न्हाणीत जाऊन बसायचा. खरं असं झालं. सोमवारी हौशीरामाच्या उसात तोडणी चालली होती. मी आन् शेजारची साळूबाई म्हशीसाठी उसाच्या शेंड्यांचं वाढं आणायला गेलो. निघताना तुमचं बिबट्याचं ॲप उघडून बघितलं. शनिवारी त्या रानावर बिबट्या दिसल्याचा लाल ठिपका होता, सोमवारी पुसलेला. म्हंजी रान मोकळं, असं समजून गेलो.

तोडणारे चारी बाजूंनी तोडत आत आले होते, मधी दोन गुंठ्यांचा पट्टा तेवढा उभा. मी शेंडे गोळा करायला वाकले आन् त्यातनं बिबट्याची मादी आली. आधी माझ्यामागं आलेल्या कुत्र्याचं नरडं फाडलं, त्याला ओरडायलाबी सवड मिळाली न्हाई. मग मी. दंडात दात रुतले तवा हाडावर घासल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला, ओल्या लाकडात करवत अडकावी तसा. तिच्या तोंडाला वास मेलेल्या शेळीचा. उजव्या हातात विळा होता. नाकाडावर घातला, पुन्हा घातला, तिसरा डोळ्यात बसला. गरम रगत माझ्या तोंडात गेलं, तिचं का माझं कुणास ठाऊक. तुझ्या आज्याला चाळीस वर्षांत दिल्या न्हाईत अशा शिव्या तिला दिल्या. साळूबाई मागनं उसाच्या टिपऱ्यानं हाणत होती आन् निम्मे तडाखे मलाच! शेवटी वरडले, "साळे, तू हायस कुणाच्या बाजूनं?" तवा तोडणाऱ्यांतला संपत मधी पडला. जाता जाता तिनं त्याचा गाल जबड्यापर्यंत सोलला. पोरगा पुण्याला दवाखान्यात हाय, वाचंल म्हणतात, पर तोंड पहिल्यासारखं न्हाई व्हायचं. पट्ट्यात नंतर दोन पिल्लं निघाली. म्हणून ती हलली नव्हती.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. तू ह्याच्यापायी ॲपचं काम सोडतीयस म्हणं. ठिपका पुसायचा नियम तूच लिहिला होतास: माणसांची वर्दळ झाली, दोन दिवस जनावर कुणाला दिसलं न्हाई, की पुसायचा. चूक तुझीच हाय. संपतच्या बायकोसमोर मी दुसरं बोलू शकत न्हाई. पर तोडणीत जनावर माणसाला भिऊन पळत न्हाई, आत आत सरकतं आन् शेवटच्या पट्ट्यात कोंडतं, हे तुला पुण्यात कोण सांगणार? मला जन्मापासनं ठाऊक. फोनातल्या कामात माझं काय, म्हणून मी गप्प बसले. ती चूक माझी. तुम्ही सगळे बिनपगारी राबता आन् कुणीबी उघडून दुरुस्त करा म्हणता ना? मग ही घ्या माझी दुरुस्ती. तोडणी लागली की ठिपका गडद करायचा, शेवटची मोळी बांधून होईस्तोवर पुसायचा न्हाई. दुरुस्ती करणाराचं नाव लिहायची तुमच्यात रीत हाय, तर लिही, ताईबाई, वडगाव रासाई. शुक्रवारी साळूबाईच्या उसाची तोडणी सुरू व्हायची हाय. तिथल्या पाटाकडंला ओली पावलं दिसलीत, रगताच्या थेंबांसकट. त्याच्या आधी तेवढी दुरुस्ती करून दे. मग सोडायचं तर सोड.

तुझीच,
एका हाताची पर दोन्ही डोळ्यांची
ताईआजी