लोणावळ्यापर्यंतची गाडी

पनवेल, शनिवार संध्याकाळ

आज गाडी घेतली नाही, तरी मन भरून आलंय.

उलव्याला म्हात्रेकाकांची जुनी इलेक्ट्रिक गाडी बघायला गेले होते. माझ्या बजेटमध्ये बसणारी ती एकच. टोकनचा चेक पर्समध्ये तयार होता. बोलता बोलता म्हटलं, "दर पंधरा दिवसांनी कोल्हापूरला जावं लागतं. बाबांना अर्धांगवायू झालाय." काका चावी माझ्या हातात देऊन म्हणाले, "चला, आदी घाट चढून बगा."

लोणावळ्याला पोचलो तेव्हा बॅटरी निम्म्यावर आली होती. निघताना पूर्ण भरलेली, आणि लोणावळ्यातच निम्मी! पुढचा सगळा रस्ता डोळ्यांसमोर आला.

"ताई, गावात फिराला ही चांगली हाय, तुमच्या कामाची नाय," काका म्हणाले. "नवी घ्या. काचेचं छप्पर नसलं तरी चालंल, बॅटरी मोठी घ्या."

येताना शोरूममध्ये विचारलं. मोठ्या बॅटरीचं साधं मॉडेल हप्त्यात बसतंय. मला आधी का नाही सुचलं? महागडं मॉडेल बघूनच घाबरले होते.

काका गप्प राहिले असते तर मी चेक देऊन आले असते. घाटाचं मी विचारलंही नव्हतं! मघाशी फोन करून आभार मानले, तर म्हणाले, "आभार कसले? माजा बापूस पन खाटेवर व्हता. दारात कोन आलं की मान वळवून बगायचा. तुमी वेळेवर पोचा."