बंद पडायच्या आधीचा आवाज

बाबा, काल सकाळी ह्यांची ऑक्सिजनची मशीन बंद पडली आणि मी तुम्हाला हाका मारत सुटले. सिलतऱ्याच्या कारखान्यातली नोकरी कधीच संपली, धूळ मात्र ह्यांच्या फुप्फुसांत राहिली. आता मशीनशिवाय ह्यांना स्वयंपाकघरापर्यंतही जाता येत नाही. शेजाऱ्यांनी त्यांच्याकडचा करोनातला ऑक्सिजन सिलिंडर आणून दिला. त्याचा काटा खाली सरकताना बघत मी कंपनीला फोन लावला. त्या माणसाने मॉडेल विचारलं आणि म्हणाला, "आंटी, ये तो बंद हो गया. पार्ट नहीं मिलेगा. नया ले लो, इसको कबाड़ में दे दो." नवी यायला आठवडा लागणार होता. मास्कमधून हे म्हणाले, "मॉडेल तर माझंही बंद झालंय. मलाही देऊन टाक." मला हसू आलं नाही.

तेव्हा मला तुमचं गुढ़ियारीतलं रेडिओचं दुकान आठवलं. मी कॉन्व्हेंटच्या ट्यूनिकमध्ये, रिबिनी बांधलेल्या वेण्या घेऊन स्टुलावर बसले आहे. मालधक्क्यावरचा एक हमाल रेडिओ उराशी धरून येतो. तुम्ही स्क्रू काढायला पेचकस हातात घेत नाही. आधी विचारता, "बंद पडायच्या आधी कसा बोलला?" तो लाजतो, मग गाल फुगवून सांगतो, "पहिली घर्र-घर्र करिस भैया, तहां चुप हो गे." मी फिसकन हसते. तुम्ही माझ्याकडे वळता. "काहून हसून राहिली वं? त्यानं ऐकलं म्हणून सांगता आलं. आता तू काढ तो आवाज." शाळेत सिस्टर वऱ्हांड्यात बोलूही देत नसत, आणि इथे भर दुकानात मी घर्र-घर्र करते. तो हमालच मग पोट धरून हसतो. "हव, अइसनेच!" त्यानंतर मी तुमच्या गिऱ्हाइकांना कधी हसले नाही. कोणी रेडिओ घेऊन आलं की मीच आधी कान देऊ लागले.

फोन ठेवून मी डोळे मिटले. बंद पडायच्या आधी कशी बोलली ही? धप्प-धप्प तर शेवटपर्यंत होतं. पण त्याच्याखाली एक बारीक भिरभिर असायची, ती आदल्या दिवसापासूनच नव्हती. म्हणजे पंखा आधी गेला, आणि मशीन तापून थांबली. शेजारीणबाईंना ह्यांच्याजवळ बसवून मी रिक्षाने भनपुरीच्या कबाड्याकडे गेले. करोनात धावपळ करून लोकांनी घेतलेल्या मशिनी तिथे एकावर एक रचल्या आहेत बाबा, फार वापरलेल्याही नाहीत. मला वाटलं, यातल्या किती जणींना कोणी शेवटचा आवाज विचारला असेल? आमच्याच मॉडेलची एक सापडली. तुमच्या पेचकसाने तिचा पंखा काढून आणला आणि आमच्या मशीनला बसवला. घाईत एक स्क्रू ओट्याखाली गेला, तो गेलाच. बटण दाबलं. धप्प-धप्प, आणि खाली भिरभिर. ह्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा हळूहळू वर आला. मी ओट्याला टेकून रडले. हे म्हणाले, "मेकॅनिकची पोरगी!"

मशीन अजून चालू आहे. हा कागद घडी करून तुमच्या पेचकसांच्या डब्यात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? एकच गोष्ट लिहायची राहिली. ह्यांच्या श्वासाखालीही एक बारीक शिट्टी असायची. सगळी रात्र मला त्या शिट्टीचीच सोबत असायची. मशीन बंद पडायच्या आधीपासूनच ती ऐकू येत नाही. डॉक्टर आकडा विचारतात, तो मी सांगते. शिट्टीचं ते विचारत नाहीत. आणि बाबा, मीही तोंड उघडलेलं नाही.