टेबलावरची गाडी

ता. ९ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तांब्याची तार गुंडाळायचं मशीन एक, सायकलच्या चाकावर बसवलेलं, फेरे मोजणाऱ्या काट्यासकट. स्टॅबिलायझर चारशे अकरा. त्यांतले तीन परत आले आणि तिन्हींत उंदीर शिरले होते, म्हणजे दोष माझा नाही. जळालेल्या मोटारी भरून दिल्या त्यांची गणतीच नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या खाटेला लावलेली बेल, जी नुसती फुंकर मारली तरी वाजायची. दादाचा ट्रक मागे घेतानाचा भोंगा. आणि तुमच्या ओट्यावरचा तो मिक्सर, ज्याला तुम्ही दरवर्षी म्हातारा म्हणता आणि जो दरवर्षी शेजारणींचे नवे मिक्सर भंगारात पोचवून येतो.

आजवर माझ्या हातून झालेल्या कामांची ही यादी लिहायचं कारण, मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत की भाऊजी, कॉम्प्युटर जमेल ना तुम्हाला. वहिनी, आठवीत शाळा सुटली तेव्हापासून हा प्रश्न मला माणसांनीच विचारलाय, वस्तूंनी कधी नाही.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. हृदयाचा झटका येऊन सात महिने झाले, अवजड गाडीचा परवाना गेला त्याला पाच. दादा दिवसभर खिडकीशी बसतो, गोळ्या हातावर ठेवल्या की खिशात टाकतो आणि म्हणतो, गोळ्या खाऊन जायचंय कुठे. आणि त्याच माणसाने तुमच्या भाच्याकडे कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या ट्रकच्या स्टिअरिंगला हात लावला आणि विचारलं, माल काय भरलाय. पाच महिन्यांत त्याने आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट. हे कळल्यावर मी गप्प बसू का?

तयार मशीन आणायचं नाही. त्यात काय कोंबलेलं असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एकेक भाग पारखून मी स्वतः बांधणार. मला फक्त मापं हवीत: खिडकीशेजारच्या टेबलाची लांबी-रुंदी, खुर्चीत बसल्यावर दादाच्या गुडघ्याची जमिनीपासून उंची, आणि डोळ्यांपासून भिंतीपर्यंतचं अंतर. टेपने, मिलिमीटरमध्ये. विती नकोत.

लोभ कमी होऊ देऊ नये, शंका कमी झाल्या तर चालतील.

आपला,
धाकटा

---

ता. १८ जानेवारी

प्रिय भाऊजी,
अ. आ.

मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. मिलिमीटर मोजताना माझाच चष्मा टेपवर पडला. गुडघ्याची उंची घ्यायला गेले तर ह्यांनी विचारलं, तिरडीचं माप घेतेस का. मी हसले नाही. हेही हसले नव्हते.

फोनवर बोलले असते, पण हे जवळच बसलेले असतात आणि आपलं नाव निघालं की भिंतीकडे तोंड करतात. म्हणून पत्र. हल्ली मी खिडकीत उन्हाला ठेवलेल्या कुंडीसारखं ह्यांना सकाळी एका बाजूने आणि दुपारी दुसऱ्या बाजूने फिरवते, एवढंच. काल शर्ट धुवायला घेतला तर खिशात अकरा गोळ्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मला पुढचं काही विचारू नका.

तुमच्या हातांवर मला शंका नाही. उशिराची भीती आहे. जे करायचं ते लवकर करा, थोडं वाकडं झालं तरी चालेल. माझी ही विनंती तुम्हाला पटणार नाही, माहीत आहे.

माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
वहिनी

---

ता. २० फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वाकडं चालेल, हे वाक्य मी वाचलंच नाही असं धरतो.

सगळं जमलं. सांगतो, कारण दादा विचारेल तेव्हा तुम्हाला उत्तर देता यायला हवं. प्रोसेसर सहा कोअरचा घेतला. ट्रकच्या खेळाला आठ लागत नाहीत, लागतात असं दुकानातले सांगतात. मेमरी सोळा जीबी, दोन पट्ट्यांत, कारण एका पट्टीने काम अडतं. खरा घोळ ग्राफिक्स कार्डाचा होता. समोरचा रस्ता दाखवायला मधलं कार्ड पुरतं. पण दादा आरशांशिवाय गाडी हलवणार नाही, आणि खेळात एकेक आरसा म्हणजे सगळं चित्र पुन्हा नव्याने काढणं. दोन बाजूंचे दोन आणि दाराजवळचा तिसरा. म्हणून एक पायरी वरचं कार्ड घेतलं. त्याची लांबी दोनशे बेचाळीस मिलिमीटर. पेटी मी पत्र्याची घरीच वाकवली, आत दोनशे साठ सोडले. पडदा रुंद घेतला, काचेसारखा वाटावा म्हणून. स्टिअरिंग हाताला धक्का परत देणारं आहे, पायाशी क्लच-ब्रेकची पेडलं. खड्डा आला की कळेल. दहा महिने बाजूला टाकलेले सगळे पैसे ह्यात गेले, आणि मला त्याचं काही नाही.

पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तेवढीच देणारा डबा, तो मात्र विकत घेतला नाही. बाजारातला उचलून पाहिला, पिसासारखा हलका. तांबं कुठे आहे त्यात? मी स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, पुढची सर्किटंही माझीच. अकरा किलो भरला. ट्रकचे हेडलाइटचे दिवे लावून सहा तास पूर्ण भार दिला. मीटरचा काटा बारा व्होल्टवर खिळल्यासारखा. दिव्यांनी दुकानभर उजेड पडला होता, शेजारचा न्हावी विचारायला आला की लग्न कुणाचं.

१ मार्चला येतो. दादाला आधी काही सांगू नका. मी नुसता मुक्कामाला येतोय म्हणा, त्याला नेहमीसारखा वैताग.

जिव्हाळा आहे तो जपावा.

आपला,
धाकटा

---

ता. १० मार्च

प्रिय भाऊजी,
अ. आ.

तुम्ही जाऊन आठ दिवस झाले. लिहायला बसले आणि काय लिहावं सुचेना, कारण घरात बोलणं चाललं आहे आणि त्याची सवय गेली होती.

रोज सकाळी नऊला हे अंघोळ करून, बूट घालून टेबलाशी बसतात. बूट. मी म्हटलं, घरात? तर म्हणाले, चपलेत क्लच कळत नाही. निघण्याआधी एक गोळी, माल पोचवल्यावर एक, हा नियम त्यांनीच केला. काल सिमेंट नेलं, आज काच नेणार आहेत. मला शेजारी स्टुलावर बसवून ठेवतात, क्लीनर म्हणून, आणि डाव्या आरशात बघ म्हणतात. मी तिथे डुलकी काढली तर कामावरून काढलं मला.

तुमच्याबद्दल म्हणाले, आठवी नापास इंजिनियरने आरसे बरोबर लावलेत. एवढं त्यांच्या तोंडून येणं म्हणजे तुम्हाला शालच दिली समजा. परवा झोपताना म्हणाले, एकतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, तो हिशेब अजून चालू आहे. मग लगेच घोरायला लागले. मी बराच वेळ ते घोरणं ऐकत पडले होते.

माया आहेच, ह्या वेळी ती थोडी जास्त समजा.

तुमची,
वहिनी

---

ता. १७ मार्च

प्रिय भाऊजी,
अ. आ.

घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या. काल दुपारी मशीन जळालं.

काचेचा माल घेऊन घाटातून उतरत होते. तुमचा अकरा किलोचा डबा टक्कन वाजला, पाठोपाठ गोळी उडाल्यासारखा आवाज झाला, पडदा काळा पडला आणि पेटीतून धूर यायला लागला. भिंतीतलं बटण मी बंद केलं. ह्यांनी ते पाहिलं नाही. काळ्या पडद्यासमोर दोन्ही पाय ब्रेकवर दाबून बसले होते आणि मला सांगत होते, उडी मार, उडी मार तू. खुर्चीतून उठवायला मला शेजारच्यांना बोलवावं लागलं.

नंतर एकच विचारतात, माझ्या हातून काय झालं. मी म्हणते, काही नाही. पण ते म्हणतात, तुला काय कळतं, धाकट्याला विचार.

पेटी आणि डबा दोन्ही आजच ट्रान्सपोर्टने पाठवते आहे. उघडून बघा आणि लवकर लिहा. तुम्ही लिहिलेलं ते मानतील.

तुमची,
वहिनी

---

ता. २५ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पेटी पोचली. उघडली. बोर्ड आणि कार्ड दोन्ही गेले, मेमरीही गेली असावी. दादाला सांगा, त्याच्या हातून काही झालेलं नाही. असे भाग तापतात. सलग चार तास चालवल्यावर कधीतरी असं होतं, त्याला कुणाचाच इलाज नाही. कंपनीचा मालच हल्ली तसला येतो.

सध्या कामाची गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

लोभ राहू द्यावा.

आपला,
धाकटा

---

ता. ४ एप्रिल

प्रिय भाऊजी,
अ. आ.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते पुन्हा त्यांनी स्वतः वाचलं आणि 'चार तास' ह्या दोन शब्दांवर बोट ठेवून बसले.

मग म्हणाले, बरोबर आहे, मीच गाडी तापवली. शिकाऊ ड्रायव्हरसुद्धा घाट उतरण्याआधी थांबतो, इंजिन गार होऊ देतो. मला माल वेळेवर पोचवायचा होता. एकतीस वर्षांत नाही झालं ते घरच्या खुर्चीत बसून केलं, आणि तेही भावाने पोटाला चिमटा घेऊन बांधलेल्या गाडीचं. परवाना काढून घेतला ते योग्यच केलं त्यांनी, असं म्हणाले. इतके महिने हे त्या आरटीओच्या साहेबांना शिव्या घालत होते, भाऊजी. शिव्या होत्या तोवर बरं होतं, हे मला आता कळतं.

बूट त्यांनी माळ्यावर टाकायला लावले. गोळ्या खिशातही टाकत नाहीत आता. हातावर ठेवल्या की हात उलटा करतात. काल डॉक्टर घरी येऊन गेले. पायांवर सूज आहे. बाहेर येऊन मला म्हणाले, घरच्यांना बोलावून ठेवा.

तुम्हाला तोंड कसं दाखवू असं ते विचारतात. येऊन जा म्हणावं तर त्याचीच भीती वाटते. काय करू ते तुम्हीच सांगा.

तुमची,
वहिनी

---

ता. ९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

हे पत्र वहिनींना नाही, तुला आहे. त्या वाचून दाखवतील, पण मध्ये थांबवू नकोस.

गाडी तुझ्या हातून गेली नाही. ती मी जाळली. पंचवीस मार्चच्या पत्रात मी लिहिलं ते खोटं होतं. पेटी उघडल्यावर दहाव्या मिनिटाला मला कळलं होतं, आणि मी दोन आठवडे ते दाबून ठेवलं. तू चार तास काय, चाळीस तास चालवली असतीस तरी चांगल्या मशीनला काही झालं नसतं. ती खरी गाडी नव्हे, तिला घाटात थांबून गार करावं लागत नाही.

तुला बिघाड नीट कळल्याशिवाय तू मानणार नाहीस, म्हणून सांगतो. पॉवर सप्लाय मी केला होता. तपासताना मी त्याला हेडलाइटचे दिवे लावले. दिवा वीज एकसारखी पितो, पहिल्या मिनिटाला जेवढी तेवढीच सहाव्या तासाला. ग्राफिक्स कार्ड तसं पीत नाही. ते घोट घेतं, सोडतं, दुप्पट घेतं, सोडतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत शेकडो वेळा. तुझ्या आरशात एखादं झाड आलं तरी ते बदलतं. त्या हिसक्यांनी माझ्या सर्किटमधला, वीज बारा व्होल्टवर रोखून धरणारा ट्रान्झिस्टर रोज थोडा थोडा मरत होता. सोळा तारखेला तो आतून शॉर्ट झाला आणि बारा व्होल्टच्या जागी एकोणीस व्होल्ट सरळ आत घुसले. बाजारातला पिसासारखा डबा अशा वेळी स्वतःहून बंद पडतो. ती सोय मी ठेवलीच नव्हती. माझ्या कामात बिघाड होईल, हे मी धरलंच नव्हतं. तुझा पाय कुठे होता ह्याचा त्यात काही संबंध नाही. तू रस्त्यावर होतास, सरळ होतास, वेगात होतास की नव्हतास मला माहीत नाही, पण तू धक्का दिला नाहीस कुणाला. एकतीस वर्षं आणि सोळा दिवस, ओरखडा नाही. हे मी लिहून देतो, कुठल्याही साहेबाला दाखव.

तुला वाटतं मला तोंड कसं दाखवावं. दादा, मी इथे रोज सकाळी दुकान उघडतो आणि त्या ट्रान्सफॉर्मरकडे पाठ करून बसतो. तुला आपटायचं असेल तर मला आपट. शिव्या दे, साहेबाला द्यायचास तशा. पण वहिनी हात पुढे करतील तेव्हा त्यावरची गोळी घे. मी रविवारी येतोय. पुन्हा बांधायला हातात काही नाही, वर्ष लागेल, आणि ह्या वेळी सगळं दुकानातून आणीन. तू वर्षभर थांब एवढंच मागतो. मागायचा हक्क नाही, तरी मागतो.

राग ठेव, पण त्यात थोडी माया शिल्लक ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. एक राहिलं, ते वर लिहिताना पेन चाललं नाही. सगळे भाग ज्या बाईंच्या दुकानातून घेतले, त्यांनी मी भाग घेऊन निघताना मला थांबवलं होतं. म्हणाल्या, साहेब, एवढं महागाचं सगळं घेतलंत, पॉवर सप्लाय तेवढा माझा न्या. सात वर्षांची हमी होती, आणि त्याच्यामुळे दुसरा कुठला भाग जळाला तर तोही कंपनी भरून देणार होती. मी नको म्हटलं. मग त्यांनी अर्ध्या किमतीत द्यायचं कबूल केलं, मी कुणासाठी बांधतोय ते त्यांना सांगितलं होतं म्हणून. मी म्हटलं, बाई, मी तीस वर्षं हेच करतोय, आणि ठेवून आलो. दोन हजार तीनशेला देत होत्या.