घरी लिहायला मनाई

३ मार्च

चि. भुंगीस,
अ. उ. आ.

तुझ्या व्हायोलिनबद्दल तिथल्या पेपरात आलेलं कात्रण मिळालं. इंग्रजीच्या वर्गाची वही आणि डिक्शनरी घेऊन सकाळपासून दुकानात बसलोय. गिऱ्हाइकांची घड्याळं तशीच उघडी पडली आहेत. समीक्षक म्हणतो, हिने एकही कैदी घेतला नाही. अगं, कार्यक्रम तुरुंगात होता की काय? तुझी आई म्हणते, घेतले नाहीस ते बरंच केलंस.

खुलासा कर. लोभ आहेच, पत्राने वाढव.

तुझे बाबा

९ मार्च

ती. बाबांना,
कृ. सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं. कैदी न घेणं म्हणजे कुणाची गय न करता, तुटून पडून वाजवणं. स्तुती आहे हो ती!

वीस तारखेला संथ रचनेत मी एकटी पुढे वाजवणार आहे. जमलं, तर वाद्यवृंदात कायमची जागा. आत्तापासूनच दिवस मोजतेय. आईला सांगा, जेवण वेळेवर चालू आहे. दोघांची माया अशीच असू द्या.

तुमची भुंगी

२ एप्रिल

चि. भुंगीस,
अ. उ. आ.

ना कात्रण, ना पत्र! शेवटी वाचनालयात तो पेपर हुडकला आणि कारण सापडलं. त्या गृहस्थाने चक्क छापलंय, 'नथिंग टू राइट होम अबाउट'. शब्द सगळे सोपे, डिक्शनरीसुद्धा लागली नाही. घरी काही लिहायचं नाही! हा कोण टिकोजीराव माझ्या मुलीला मनाई करणार? माझं डोकंच फिरलं. संपादकाला इंग्रजीत पत्र ठोकून दिलंय, की मुलगी माझी आहे, ती घरी लिहिणार, रोज लिहिणार. वर्गातल्या बाईंना दाखवायलाही थांबलो नाही.

तू बिनधास्त लिही. आई रोज पोस्टमनची वाट बघते. मीही बघतो, पण तिला कळवू नकोस.

तुझे बाबा

१० एप्रिल

ती. बाबांना,
कृ. सा. न. वि. वि.

बाबा, तुमचं पत्र त्यांनी छापलं! अख्ख्या वाद्यवृंदाने वाचलं. त्या वाक्याचा अर्थ इतकाच, की घरी मुद्दाम कळवावं असं माझ्या वाजवण्यात काही नव्हतं. म्हणजे सुमार. पण तुमचंही काही चुकलं नाही. त्या एका ओळीनेच मला घरी लिहिणं जड झालं. लाज वाटत होती हो.

काल राजीनामा घेऊन प्रमुखांकडे गेले. त्यांच्या हातात तोच पेपर, आणि हसून डोळ्यांत पाणी. म्हणाले, रोज लिहिणारी मुलगी तूच ना? एका संध्याकाळवरून मी कुणाची जागा ठरवत नाही, शनिवारी तीच रचना पुन्हा वाजव. मी राजीनामा बॅगेतून काढलाच नाही. घरी येऊन फाडला.

तर आता घरी कळवते. त्या दिवशी मी वाईट वाजवलं. फार घाबरले होते. शनिवारी पुन्हा वाजवणार आहे. पेपरवाला काय लिहायचं ते लिहो, रविवारी तुम्हाला पत्र टाकीन.

तुमची भुंगी